चिलखत होतं, तरी लपायचा!

डायनासोर म्हटलं की मुलांना टी-रेक्सच हवा असतो. मी मात्र बोरिअलोपेल्टाचा फोटो दाखवते. २०११ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, खाणीत यंत्र चालवणाऱ्या कामगाराला तो सापडला. साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचा, साडेपाच मीटर लांब, वजन अंदाजे १३०० किलो. मेल्यावर समुद्रात वाहत गेला आणि तळाच्या चिखलात रुतला, म्हणून नुसता सांगाडा नाही, तर खवले, हाडांच्या ढाली, खांद्यावरचे लांब काटे सगळं जागच्या जागी!

"बाई, याला कोण खाणार?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर त्याच्या कातडीत आहे. रंगद्रव्याच्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधलाय, की पाठ तांबूस तपकिरी होती आणि खालची बाजू फिकट, हरणासारखी. म्हणजे एवढं चिलखत असूनही त्याला शिकाऱ्याच्या नजरेपासून लपावं लागत होतं. आजच्या हत्ती-गेंड्यांना असा रंग लागत नाही. मग तेव्हाचे शिकारी केवढे असतील, हे मुलांनीच ठरवावं.

त्याच्या पोटात शेवटचं जेवणही सापडलं. बहुतेक नेचेच, म्हणजे फर्न. सायकसचा पाला अगदी थोडा. सोबत कोळशाचे कण, म्हणजे वणव्यानंतर फुटलेल्या कोवळ्या पाल्यावर ताव मारला असावा. डब्यातली भाजी निवडून बाजूला काढणारी मंडळी इथे फार खूश होतात.