तिसरी तपासणी

बारावीनंतर भाचीनं नर्सिंगला जायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त विरोध मी केला. "आपल्यातल्या मुलींनी बेडपॅन उचलायचे का?" असं धाकट्या बहिणीला तोंडावर विचारलं. ती गप्प बसली. भाची मात्र बेळगावात बी.एस्सी. झाली, अमेरिकेत पुढचं शिकली आणि आता तिथल्या ट्रॉमा सेंटरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे. म्हणजे काय, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

गेल्या श्रावणात हायवेवर ह्यांच्या मोटारसायकलला टेम्पोनं धडक दिली. बरगड्या मोडल्या, पोटात रक्तस्राव झाला. रातोरात ऑपरेशन करून डॉक्टरांनी जीव वाचवला. दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, काकांना परत डोक्यापासून पायापर्यंत कुणी तपासलं का?"

तिनं समजावून सांगितलं. पहिली तपासणी श्वास आणि रक्तस्राव बघायची, दुसरी सगळ्या अंगाची. पण बेशुद्ध माणूस कुठं दुखतंय ते कसं सांगणार? म्हणून चोवीस तासांत तिसरी करायची. अंग पुन्हा चाचपायचं, एक्स-रे पुन्हा बघायचे. हातापायांची बारीक हाडं बऱ्याचदा नजरेतून सुटतात. "आमच्याकडे हे काम बहुतेक वेळा मीच करते. सर्जन तोवर पुढच्या पेशंटकडे असतात. औषधं लिहिते, तपासण्या सांगते, घरच्यांशी बोलते."

भीत भीत मी ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी एकेक जागा दाबून बघितली. डाव्या पावलावर हात पडताच हे कळवळले. एक्स-रेत दोन हाडं मोडलेली निघाली. वेळेत कळलं, म्हणून आज हे काठीशिवाय चालतात.

मग मी वाचायला लागले. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सनं डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत हे शिक्षण सुरू केलं, तेही लहान मुलांच्या तपासणीसाठी. आपल्या देशातही आता अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

आणि सिस्टरना आपण हाक कशासाठी मारतो? सलाईन संपलं म्हणून!

बहिणीची माफी मागायला मला पंधरा वर्षं लागली. ती एवढंच म्हणाली, "अक्का, मला नको. तिला फोन कर."

मी केला.