एकच पत्र दोनदा लिहायला लागू नये म्हणून

सयाजीगंज, वडोदरा

चि. छोट्या,

रविवारी शेवउसळीला कोण येणार, कोणाचा गुडघा बदलला, काळ्या घोड्यापाशी किती वाजता जमायचं, ही आमच्या कॉलेजच्या वर्गाची खलबतं तुझ्या फोनवर मध्यरात्री का वाजतात, हा तुझा प्रश्न रास्त आहे. 'अनसबस्क्राइब' दाबून उपयोग झाला नाही म्हणतोस. होणार कसा? वर्गाच्या इमेल-यादीत तुझं नावच नाही. मग तू चिडून 'मला काढा' असं लिहिलंस. सभासद नसल्यामुळे ते पत्र अडकलं आणि मंजुरीसाठी व्यवस्थापकाकडे आलं. व्यवस्थापक मीच. प्रेषक म्हणून तुझं नाव पाहून चमकलोच.

आता चौकशी. आलेल्या इमेलचा पूर्ण हेडर उघडलास तर 'रिसीव्हड' अशा ओळी दिसतील. त्या खालून वर वाचायच्या, कारण वाटेतलं प्रत्येक यंत्र आपली ओळ वर चिकटवतं. जुन्या पाकिटांच्या पाठीवर टपाल कचेरीच्या मोहोरा असत ना, तसंच. त्यावरून कळलं की पत्र आधी वर्गाच्या यादीत जातं, तिथून आपल्या घरच्या यादीत आणि मग तुझ्याकडे. म्हणजे घरच्या यादीचा पत्ताच वर्गाच्या यादीत सभासद होऊन बसला होता! मला इतके दिवस कळलं नाही, कारण मी दोन्हीकडे आहे आणि एकाच पत्राची दुसरी प्रत जीमेल दाखवत नाही.

तो पत्ता घातला कोणी? मीच.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, गेले त्या आठवड्यातली गोष्ट. वर्गातले सगळे अण्णांना ओळखत. आपल्या ओट्यावर बसून कितीजणांनी त्यांच्याकडून गणितं सोडवून घेतली होती. सांत्वनाची पत्रं त्या यादीवर येत होती आणि ती घरच्यांनीही वाचावीत असं वाटलं. एकेक पुढे पाठवायला हात उचलत नव्हता. म्हणून पत्ता जोडून टाकला. याद्या चालवणाऱ्या मेलमन या सॉफ्टवेअरने घरच्या यादीला लावलेली, बाहेरच्यांची पत्रं अडवणारी दोन कुलुपंही काढली: एक सभासद नसलेल्यांसाठी, दुसरं 'प्रति'मध्ये आपल्या यादीचा पत्ता नसेल त्यासाठी. पुढे ती लावायची राहिली. वर्ग नोकऱ्यांत गुंतलेला, यादी वर्षानुवर्षं मुकी. आता सगळे निवृत्त झाले आणि कंठ फुटला.

१९८६ साली पॅरिसमध्ये एरिक तोमा या विद्यार्थ्याने लिस्टसर्व्ह लिहिलं, तोवर अशा याद्यांत नाव घालायला माणूस लागे. मी पत्ता जोडला तेव्हा असा माणूस असता तर त्याने विचारलं असतं, "काका, अख्खं घर वर्गात कशाला बसवताय?"

काळजी नको, वाट एकेरीच होती. घराच्या वाटणीवरची आपली भांडणं तिकडे गेलेली नाहीत. काल पत्ता काढला, कुलुपं लावली, एक चाचणीपत्र सोडून पाहिलं. तुझ्या आईकडे आलं नाही. झालं.

त्या आठवड्यातली पत्रं मात्र मी वेगळी काढून ठेवली आहेत. तू तेव्हा शाळेत होतास, वाचली नसशील. हवी असतील तर कळव. या वेळी फक्त तुलाच पाठवीन.

तुझा,
काका