सहाचे बारा

आमच्या दारातला फर्ग्युसन टीई-20 आजोबांनी जुनाच घेतलेला. हे ट्रॅक्टर 1946 ते 1956 या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनत. सुरुवातीच्यांना वीज सहाच व्होल्टची. तेवढ्याच कामाला व्होल्ट निम्मे असले की प्रवाह दुप्पट लागतो. गंजलेल्या जोडांतून एवढा प्रवाह जाताना व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि थंडीच्या सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. मग हँडल मारणे आलेच.

बारा व्होल्ट करू या, असे मी दोन वर्षे म्हणत होतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण तोही कला शाखेचा. अण्णा हसण्यावारी नेत. या पौषात हँडल उलटले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. नंतर कोणी हसले नाही.

मिस्त्रींनी आणि मी मिळून बॅटरी, कॉइल, बल्ब बदलले. डायनामो रेग्युलेटरसकट बदलला. वायरी जाडच होत्या, त्या ठेवल्या. स्टार्टरही जुनाच. बारावर तो जोरात फिरतो, मात्र फार वेळ फिरवत ठेवायचा नाही. नुसते जोड घासले असते तरी अर्धे दुखणे गेले असते, असे मिस्त्री म्हणाले. मला ते पटते. पण सहा व्होल्टची तेवढी मोठी बॅटरी तालुक्याला मिळत नव्हती.

या ट्रॅक्टरला स्टार्टरचे बटण नाही. गिअरचा दांडा ‘एस’वर नेला की स्टार्टर फिरतो. अण्णांनी डाव्या हाताने दांडा सरकवला. इंजिन लागले.

“हँडल भंगारात घालू नकोस,” एवढेच ते म्हणाले.