मामांना ऊन लागलं नव्हतं

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात माणूस भोवळ येऊन बसला की त्याला ऊन लागलेलंच असतं. दुसरं कारण कोणी शोधत नाही, आणि बहुतेक वेळा चुकतही नाही. म्हणूनच माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, गंगाखेडजवळच्या आमच्या गावी, मामा मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले तेव्हा एकाने कांदा फोडून आणला, दुसऱ्याने ओला टॉवेल.

बाबा नाहीत. कन्यादान मामा-मामीच करणार होते, म्हणून सकाळपासून दोघांचा उपवास. मुहूर्त १२.३५ चा. पण नवरदेवाचा परण्या मारुतीपुढे गेला आणि डीजे काही तिथून हलेना. दोन वाजून गेले तरी अक्षता पाहुण्यांच्या मुठीतच.

मामा एरवी मवाळ माणूस. त्या दुपारी मात्र आधी वाढप्यांवर खेकसले, मग मामीवर. ‘लग्नघर म्हणलं की डोकं फिरतंच,’ मावशी म्हणाली. मग ते आहेराची पाकिटं मोजायला बसले आणि तीच तीच पाकिटं पुन्हा मोजू लागले. मी पाकिटं घ्यायला गेले तर माझ्या हाताला त्यांचा हात लागला. गार होता. एवढ्या उकाड्यात हात गार, सदरा पाठीला चिकटलेला, बोटं थरथरतायत.

उष्माघात झालेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं. गार चिकट घाम, कापरं, चिडचिड, जड झालेली जीभ ही साखर उतरल्याची लक्षणं. मेंदूला साखर लागते; ती कमी पडली की माणूस विचित्र वागायला लागतो, वेळेत दिली नाही तर शुद्धही जाते. मला दुसऱ्या बाळंतपणापासून शुगर आहे, त्यामुळे तपासायचं मशीन पर्समध्ये असतंच. बोट टोचलं. ४८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी, ५४ च्या खाली गेली की धोका.

‘मामा, सकाळी शुगरची गोळी घेतली होती का?’

‘मग? डॉक्टरनं चुकवू नका म्हणलंय.’

गोळी पोटात, जेवण नाही.

मावशीने बुंदीचा लाडू पुढे केला, तो मी परत दिला. तुपातल्या गोडाची साखर रक्तात उशिरा पोचते. आचाऱ्याकडून साखर आणवली आणि अर्धा पेला पाण्यात तीन चमचे भरून घातली. मामांनी तोंड फिरवलं. ‘कन्यादान व्हायचंय. उपवास हाय माझा.’ मला पुढे काय बोलावं सुचेना. मामी शांतपणे म्हणाल्या, ‘साखर उपासाला चालती.’ मग प्यायले.

ते शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून तोंडाने देता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. पंधरा मिनिटं थांबलो. त्या पंधरा मिनिटांत ‘अजून पाज, अजून पाज’ म्हणणाऱ्या बायकांना आवरणं हेच मोठं काम झालं. पुन्हा टोचलं तर ७४. मग केळं आणि पेलाभर दूध, तेही उपवासालाच चालणारं. परण्या आला, मंगलाष्टका झाल्या, मामांनी कन्यादान केलं.

सगळ्यांच्या मते विषय तिथेच संपला होता. पण मामांची गोळी ग्लिमेपिराइडची. तिचा अंमल दिवसभर राहतो, मूत्रपिंड मंद असेल तर त्याहूनही जास्त. वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. पाठवणीच्या रडारडीत मी मामांचं बोट टोचत होते, नात्यातल्या दोघी-तिघींनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. ६६. पुन्हा साखरपाणी, नंतर पोटभर जेवण. रात्री झोपेत उतरली असती तर कळलंच नसतं, म्हणून दोन वाजता गजर लावून उठवलं. त्यावर मामा जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी गंगाखेडला डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. ती गोळी बंद केली, दुसरी लिहून दिली आणि उपवास असेल त्या दिवशी आधी विचारून मगच गोळी घ्या असं बजावलं.

परतताना मामा जीपमध्ये कुरकुरत होते. ‘तीनशे होती तव्हा कुणी इचारलं न्हाई, अन् अठ्ठेचाळीस झाली तर अख्खं वऱ्हाड बघायला आलं!’