‘कन्यादान’ पाहून परतताना

स्मरणिकेसाठी शाळेतील आठवणी लिहाव्यात, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मी मात्र शाळेबाहेरच्या एका संध्याकाळविषयी लिहीत आहे. तिचा आपल्या शाळेशी संबंध आहे, निदान मला तसा वाटतो.

सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला भावाकडे होते. थोरली बहीणही आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे तपासायचे होते. शहरात राज्य हौशी नाट्य स्पर्धेचे प्रयोग चालले होते आणि त्या संध्याकाळी विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ होते. “नाटक कायचं हाय?” ताईने विचारले. “एका लग्नाचं,” मी म्हणाले. एवढ्यावर ती निघाली.

मला स्वतःला जायचे होते ते वेगळ्या कारणाने. एम.ए.ला असताना मी हे नाटक वाचले होते आणि रागाने बाजूला ठेवले होते. तो राग आजही टिकतो का, हे पाहायचे होते.

ज्यांना नाटक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार, पत्नी सेवा सामाजिक कार्यकर्ती. मुलगी ज्योती एके दिवशी सांगते की, अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करण्याचा तिचा विचार आहे. नाथांना मनापासून आनंद होतो. आयुष्यभर व्यासपीठावर बोललेले आता घरात घडणार! आई आणि भाऊ जयप्रकाश यांना मात्र शंका आहे. लग्न होते. अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो. ती गरोदर असतानाही मारतो.

नाटक १९८३ चे. तो काळ डोळ्यांसमोर आणावा. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती तेंडुलकरांनीच. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले. शतकानुशतके ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, ते स्वतः लिहू लागले होते. नेमक्या अशा वेळी मराठी रंगभूमीवर दलित लेखक उभा राहिला तो बायकोला लाथा घालणारा. पुढे १९९३ मध्ये याच नाटकाला सरस्वती सन्मान मिळाला. या नाटकापायी आपल्यावर चप्पलही फेकली गेली होती, हे तेंडुलकरांनी स्वतःच सांगितले आहे. चप्पल फेकणे मला कधीच पटले नाही; फेकणाऱ्याच्या मनातली आग मात्र समजत होती.

इतिहास शिकवताना मी मुलांना एक सवय लावते. साधन हाती आले की विचारायचे : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि यात कोण नाही? ‘कन्यादान’ला हा प्रश्न विचारला की उत्तर लगेच मिळते. देवळालीकरांच्या घरात चार माणसे आहेत, चारांचे चार स्वभाव आहेत. नाथ भोळे निघाले म्हणून कोणी सर्व सवर्णांना भोळे म्हणत नाही. आमच्या बाजूचा मात्र एकटा अरुण. त्याची आई नाही, बहीण नाही, शिकून शिक्षक झालेला, दारूला न शिवणारा एखादा मित्रही नाही. एकट्या माणसाला अख्ख्या समाजाचे ओझे वाहावे लागते आणि तो लटपटला की समाजच लटपटलेला दिसतो. मध्यंतरापूर्वीच याचा प्रत्यय आला. पहिल्या अंकात अरुण ज्योतीचा हात पिरगाळतो, तेव्हा मागच्या रांगेतून हलका आवाज आला, “यांचं असंच असतं.” मी मागे वळले नाही. ताईने ऐकले की नाही, कळले नाही. मध्यंतरात आम्ही चहा घेतला, ती काही बोलली नाही.

दुसऱ्या अंकात ज्योती माहेरी येते, परत जायचे नाही असे ठरवून. नाथ हादरतात, पण हे लग्न मोडू नये, हा प्रयोग फसू नये, याची तळमळ त्यांच्या शब्दाशब्दांत आहे. मग प्यालेला अरुण येतो, ज्या हातांनी मारले ते तोडायला निघतो, आणि ज्योती त्याच्याबरोबर परत जाते. त्या हौशी नटाने नाथ फार चांगले केले. आवाज चढवला नाही. समजावणाऱ्या बापाचा आवाज होता तो.

बाहेर पडल्यावर ऑटो मिळेपर्यंत मीच बोलत होते. वर लिहिले ते सारे ताईला ऐकवले. ती पदर सावरून ऐकत राहिली. मग म्हणाली, “तू त्या पोराचंच घेऊन बसली व. मी त्याच्याकडे पाह्यलंच नाही. मी तिच्या बापाकडे पाहत होती.” थोड्या वेळाने, “आपले बाबा असेच बोलले होते न? तू दाराशी उभी होती. हातात पुस्तक होतं तुझ्या.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

१९८८ चा पावसाळा. ताई कडेवर लेक घेऊन माहेरी आली होती, डावा हात सुजलेला. भाऊजी आमच्या भागातले नावाजलेले वक्ते. सहा डिसेंबरच्या सभेत त्यांचे भाषण ऐकायला आसपासच्या वस्त्यांतून लोक येत. बाबा १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, मुलींना शिकवलेच पाहिजे म्हणून त्यांनी भावकीशी भांडण घेतले होते. ‘लोक काय म्हणतील’ असे ते म्हणाले नाहीत. त्या वाक्याचा त्यांना तिटकारा होता. ते म्हणाले, “बाहेरचे टपून बसले आहेत. आपली माणसं आपणच उघडी पाडायची का?” तिसऱ्या दिवशी ताई परत गेली. एस.टी. स्टँडपर्यंत तिची पिशवी मी नेली होती. मी बी.ए.ला होते. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, गुलाम होण्यास नकार द्यावा. ते भाषण मला तेव्हाही माहीत होते. परीक्षेत लिहिण्याइतके माहीत होते.

बाहेरचे टपून बसलेले असतात हे बाबांचे म्हणणे खोटे नव्हते. मागच्या रांगेत ते बसलेच होते. पण त्याची किंमत ताईने आणखी एकोणीस वर्षे, भाऊजी जाईपर्यंत, चुकवली. नाथांना प्रयोग जपायचा होता, बाबांना चळवळीचे नाव. मुलगी दोघांनीही परत पाठवली.

नाटकावरचा माझा आक्षेप मी मागे घेतलेला नाही. उलट तो आता अधिक नेमका झाला आहे. अरुणची आई रंगमंचावर आली असती तर? ती नवऱ्याची बाजू घेणाऱ्या पोराला काय म्हणाली असती, याचा अंदाज बांधावा लागत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी ते लिहून ठेवले आहे. घरात कोणाला कळू नये म्हणून वर्षानुवर्षे लपवून त्या लिहीत राहिल्या. त्यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. वेशीबाहेरचे हाल त्यात आहेत तसेच घरातल्या सुनांचे हालही आहेत, आणि दोन्ही सांगताना त्यांची बाबासाहेबांवरची निष्ठा तसूभर कमी होत नाही. याच बेबीताईंनी निंबुरे येथे आश्रमशाळा चालवली. आपल्यासारख्या शाळेत काम करणाऱ्या बाईला हे विसरता येत नाही.

आपल्या विवाहविधीत कन्यादान नाही. वर-वधू पांढऱ्या वस्त्रांत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहतात, कोणी कोणाला दान दिले जात नाही. हे मी वर्गात अभिमानाने सांगत आले. त्या संध्याकाळनंतर एक गोष्ट वाढली. वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन पालक येतात, तेव्हा मी वडिलांना विचारते, “उद्या तिला परत यावंसं वाटलं, तर घरात जागा आहे ना?” काहींना राग येतो. शुभकार्याच्या वेळी हे काय, असे एका गृहस्थांनी तोंडावर सुनावले होते. त्यांची मुलगी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, पण निघताना माझा फोन नंबर मागून घेऊन गेली.

ताईला नव्या चष्म्यानंतर वाचायला काहीतरी हवे होते. तिने नाटकाचेच पुस्तक मागितले, मी आणून दिले. पुढच्या खेपेस गेले तेव्हा ते तिच्या उशाशी होते. ज्योती माहेरी येते त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. “वाचून झालं का?” मी विचारले. “तिथवर झालं,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. पुस्तक अजून तिच्याकडेच आहे.