खर्जाची जोड

संगीत ऐकण्याच्या साधनांत भर घालावी कीं घालूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ पैशांचा वाटतो. परंतु आमच्या घरीं तो उपस्थित झाला, तेव्हां त्यास निराळेंच स्वरूप प्राप्त झालें. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्वजण आप्पा म्हणतों, तरुणपणीं तबला वाजवीत असत. वार्धक्यामुळें आतां बोटें पूर्वीसारखीं चालत नाहींत व कानही मंदावले आहेत. तथापि रोज सायंकाळीं बैठकीच्या खोलींत बसून जुन्या गवयांचें गायन ऐकणें हा त्यांचा मोठा विरंगुळा आहे. एके दिवशीं ते म्हणाले, "तबला ऐकूं येतो रे, पण डग्गा कुणी घरीं विसरून आल्यासारखं वाटतं."

हे शब्द माझ्या मनास लागले. आमच्या खोलींत कंबरेइतक्या उंचीचे दोन टॉवर स्पीकर आहेत. त्यांच्या जोडीला, केवळ खर्जाचे नाद काढणारी सबवूफर नांवाची पेटी घ्यावी, असें माझ्या धाकट्या भावानें सुचविलें. किंमत सुमारें २५,००० रुपये. आप्पांसाठीं तेवढा खर्च करण्यास मी सिद्ध होतों. मात्र जें घ्यावयाचें तें त्यांच्या उपयोगीं पडेल कीं नाहीं, हें आधीं पाहणें मला अवश्य वाटलें.

प्रथम मीं असा विचार केला कीं, आप्पांना हवा असलेला नाद मुळांत किती खोल आहे? मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे नाद ऐकूं येतात. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ कंपनांचा असतो. पाश्चात्य वाद्यवृंदांतील डबल बास या थोरल्या तंतुवाद्याची सर्वांत जाड तार सुमारें ४१ कंपनांवर बोलते. आणि मोठ्या पाइप ऑर्गनचे नळे तर पियानोच्याही खालीं उतरतात. आपल्याकडील गवयानें काळी एकचा षड्ज धरला, तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ कंपनांच्या आसपास असते. डग्ग्याचा घुमारा बहुतांशीं याच प्रदेशांत किंवा त्याच्या थोडा वर सांपडतो. आमचे टॉवर ४० कंपनांपर्यंत उतरतात, असें त्यांच्या माहितीपत्रकांत लिहिलें होतें. म्हणजे डग्गा कांहीं त्यांच्या आवांक्याबाहेर नव्हता. मग तो जात होता कोठें?

या प्रश्नाचें उत्तर खोलीनेंच दिलें. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ११२५ फूट जातो. या आंकड्यास ८० नें भागिलें असतां ८० कंपनांच्या नादाची लहर सुमारें १४ फूट लांब असल्याचें दिसतें. आणि आमची खोलीही १४ फूटच लांब आहे. अशा खोलींत समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून स्थिर लहर उत्पन्न करतात. तो नाद भिंतींपाशीं व खोलीच्या मध्यावर बळावतो, आणि प्रत्येक भिंतीपासून लांबीच्या चतुर्थांशावर, म्हणजे साडेतीन फुटांवर, जवळजवळ लोपतो. टेप लावून पाहिली, तों आप्पांची खुर्ची मागच्या भिंतीपासून बरोबर साडेतीन फुटांवर! मोबाइलच्या साहाय्यानें स्पीकरवर ८० कंपनांचा अखंड नाद लावून मी खोलीभर हिंडलों. खुर्चीच्या जागीं तो अगदीं क्षीण होता. एक-दोन पावलें पुढें येतांच भरदार झाला. नवी पेटी आणली असती, तरी तिचाही नाद त्या जागीं असाच लोपण्याचा संभव होता. खुर्ची दीड फूट पुढें घेतली. त्या सायंकाळीं आप्पा कांहीं बोलले नाहींत. पण विलंबित ख्याल चालू असतां त्यांचा डावा पंजा खुर्चीच्या हातावर ठेका धरूं लागला.

तथापि दुसरी बाजू न ऐकतां निकाल देणें न्याय्य झालें नसतें. तितकाच मोठा नाद निम्म्या कंपनांवर काढावयाचा, तर स्पीकरच्या पडद्यास चौपट अंतर हालावें लागतें. हें कष्टाचें काम निराळ्या पेटीकडे सोंपविलें, तर टॉवरवरचा भार हलका होतो. शिवाय अतिखर्जाची दिशा कानास फारशी कळत नसल्यामुळें ती पेटी सोयीच्या जागीं ठेवितां येते. म्हणून एका मित्राची पेटी आठवडाभर मागून आणली, आणि ऐकणाऱ्यास नकळत ती मधूनमधून बंद करूं लागलों. गायन चालू असतां आप्पांना कांहींच फरक जाणवला नाहीं. माझ्या कन्येनें मात्र ऑर्गनची ध्वनिमुद्रिका लाविली असतां तत्काळ विचारलें, "बाबा, आतां खालचं काय गेलं?"

तिसरी परीक्षा घराबाहेरची होती. खर्जाचे नाद भिंतींस व जमिनीस सहजासहजीं जुमानीत नाहींत. ती पेटी चालू ठेवून मी खालच्या मजल्यावर गेलों. तेथील काका नुकतेच शस्त्रक्रिया होऊन घरीं आले होते. काकू हंसून म्हणाल्या, "आप्पांचं गाणं नाहीं हो ऐकूं येत, नुसता घुमघुमाट येतो." गाणें नाहीं आणि घुमघुमाट मात्र आहे, असा वांटा शेजाऱ्याच्या पदरीं घालणें मला प्रशस्त वाटलें नाहीं.

आठवड्याअखेर पेटी मित्रास परत केली, आणि नवी न घेण्याचें ठरविलें. आमच्या घरीं रोज दोन तास गायन होतें व महिन्यांतून एखादे वेळीं ऑर्गन. त्या एखाद्या वेळेसाठीं एवढा खर्च आणि एवढा उपद्रव उचित नव्हता. रात्रीं आवाज लहान केला कीं खर्ज फिका पडतो, हेंही खरें. पण तो कानाचाच धर्म आहे, असें फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. त्यावर आवाज वाढविणाऱ्या यंत्राची खर्जाची कळ किंचित् फिरविली म्हणजे पुरें.

विद्यार्थिमित्रांनो, ज्यांच्या घरीं मोठी खोली आहे, शेजार दूर आहे व ऑर्गन किंवा वाद्यवृंद नित्य ऐकिला जातो, त्यांनीं ही जोड अवश्य घ्यावी. पण ती अशी जुळवावी कीं, चालू असतां तिच्याकडे लक्ष जाऊं नये आणि बंद होतांच उणीव भासावी. डग्गा तबल्यास साथ देतो, त्यास झांकून टाकीत नाहीं. मात्र दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एक टेप हातीं घ्या, आणि आपली खुर्ची कोठें आहे तें मोजा. त्याला एक पैही पडत नाहीं.