मधला ‘मग’

आई आणि बायको दोघी दोन वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलतायत की काय, असं पहिल्यांदा ऐकताना वाटतं. आई म्हणते, “साहेब, ह्याचं चित्त लहानपणापासून थाऱ्यावर नाही. दप्तर शाळेत विसरायचा, म्हशी दुसऱ्याच्या वावरात सोडायचा.” बायको म्हणते, “हे तसे शांत आहेत. पण दोन वर्षांखाली पंधरा दिवस झोपलेच नाहीत. ज्याला त्याला पैसे देत सुटले, जिनिंग टाकतो म्हणाले.” तो स्वतः मध्ये बसून गप्प ऐकत असतो. अडत्याकडे हिशेब लिहितो, तिशीच्या आतला आहे. (तो कुणी एक नाही. चार-पाच जणांच्या हकिगती मी मुद्दाम एकात मिसळल्यात.)

दोघींचंही खरं असू शकतं. मी कागदावर दोन रेघा ओढतो. आईची रेघ बालपणापासून आजवर जवळजवळ सपाट जाते. बायकोची चढते, कोसळते, मध्ये कित्येक महिने जमिनीला टेकून राहते. पहिली एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची. दुसरी बायपोलरची, म्हणजे उन्माद-औदासीन्याच्या चढउतारांची. बडबड, अस्वस्थपणा, एका कामातून दुसऱ्यात उडी ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात, म्हणून केवळ आजच्या वागण्यावरून निदान करायला बसलं की फसगत ठरलेली. माझा भरवशाचा प्रश्न झोपेचा. एडीएचडीवाल्याला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, पण दुसऱ्या दिवशी तो जांभया देतो. उन्मादातल्या माणसाला तीन तास पुरतात आणि सकाळी तो सगळ्या गल्लीला उठवायला तयार असतो.

एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत, अशी २०१३ सालच्या अमेरिकन निदानपुस्तिकेची अट आहे. त्यामुळे मी जुन्या गुणपत्रिका मागवतो. तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात हे काम गमतीचं होतं. घरात मराठी, पहिली काही वर्षं मराठी शाळेत, पुढचे शेरे तेलुगूत, आणि बालपणाबद्दल नेमकं सांगणारा शेजारी गोंडी बोलणारा. हैदराबाद संस्थानाच्या दिवसांपासून हा भाग असाच तिहेरी आहे. डॉक्टरला निदान त्यातली दोन भाषांतली भांडणं तरी कळायला हवीत, कारण बालपणाची खरी माहिती भांडताना बाहेर येते.

एकाच माणसात हे जुळं किती आढळतं? २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की बायपोलर असलेल्या प्रौढांपैकी सहांत जवळजवळ एकाला एडीएचडीही असतो. म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. तरी अनेकांचं दुसरं निदान वर्षानुवर्षं राहून जातं, कारण पहिलं निदान आवाज करतं. उन्माद आला की सारा गाव ओळखतो. विसरलेली पावती, हिशेबातला चुकलेला हातचा कोण ओळखणार? त्याला आळशी म्हणतात आणि विषय संपतो.

उपचाराचा क्रम पुस्तकात एका ओळीत आहे: आधी मूड स्थिर करा, मग लक्षाचं बघा. मी तो त्याला त्याच्याच धंद्यातून सांगितला. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की सरकारी कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेत नाही. ओल्या मालाची प्रत ठरवायची नसते, आधी तो वाळू द्यायचा. मूड चढलेला किंवा पडलेला असताना लक्षाचं मोजमाप असंच निरर्थक असतं. “समजलं,” तो म्हणाला, आणि लगेच विचारलं, “पण वाळायला किती दिवस?”

आमच्या व्यवसायातलं मला न पटणारं काही असेल तर ते इथेच आहे. क्रमातलं ‘आधी’ आम्ही पाळतो. ‘मग’ मात्र येतच नाही. मूड सांभाळणारं लिथियम सुरू होतं, उन्माद थांबतो, घरचे खूश, डॉक्टर खूश. माणूस शांत होतो, आणि शांतपणे आपली नोकरी घालवतो. लक्षाच्या औषधाला हात लावायला आम्ही भितो. भीती अगदीच पोकळ नाही. स्वीडनमध्ये बायपोलर असलेल्या २,३०७ प्रौढांच्या नोंदी तपासल्या. २०१७ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांनी मिथाइलफेनिडेट हे लक्षाचं औषध एकटंच, मूड सांभाळणाऱ्या औषधाशिवाय सुरू केलं, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका ६.७ पट झाला. पण ज्यांना मूडचं औषध आधीपासून चालू होतं त्यांच्यात धोका वाढला नाही, उलट घटलेला दिसला. या नुसत्या नोंदी आहेत, काटेकोर चाचणी नव्हे, हे खरं. तरी पहिला आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो आणि दुसरा कुणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

हे मिथाइलफेनिडेट १९४४ साली सिबा कंपनीतल्या लेआंद्रो पानिझ्झोन या रसायनतज्ज्ञाने बनवलं आणि बायकोच्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. ती टेनिसआधी ते घ्यायची म्हणतात! आपल्याकडे ते एनडीपीएस कायद्याखाली येतं, दुकानदार ठेवायला नाखूश असतात, आणि मग कुणीतरी नागपूरला किंवा हैदराबादला जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यावी लागते. अ‍ॅटोमोक्सेटिन उत्तेजक नाही, पण गुण यायला आठवडे लागतात, आणि उन्माद त्यानेही उसळू शकतो. तेव्हा निवड कुठलीही असो, डोस लहान, वाढ सावकाश.

त्याआधी लक्ष कुणी चोरलंय ते शोधावं लागतं. लिथियमने थायरॉइड मंदावू शकतं, आणि ते मंदावलं की डोकं जड होतं. रक्त तपासल्याशिवाय त्याला एडीएचडी म्हणायचं नाही. दुसरा चोर ताडी. तेलंगणात भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलाम घालतात. २०१५ साली तिच्यावर कारवाई झाली तेव्हा ती अचानक बंद झाल्यामुळे माणसं झटके येऊन, भास होऊन दवाखान्यांत आली होती. रोज संध्याकाळी न मागितलेली झोपेची गोळी पिणाऱ्याचं लक्ष सकाळी कुठे असणार?

लिथियमचं स्वतःचंही इथे निराळं प्रकरण आहे. १९४९ साली जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात त्याचा उन्मादावरचा गुण दाखवला, तेव्हा आदिलाबादचा मे महिना त्यांच्या हिशेबात नव्हता. पारा ४५च्या घरात जातो, अंगातलं पाणी-मीठ घामावाटे जातं आणि रक्तातलं लिथियम वाढतं. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तात ते लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असावं. दीडच्या पुढे हात थरथरू लागतात, पाय लटपटतात. भर म्हणून गावातला आरएमपी, म्हणजे पदवी नसलेला गावडॉक्टर, अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई टोचतो, त्यानेही ते चढतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, सुई नको, हे मी रुग्णापेक्षा त्याच्या आरएमपीलाच फोन करून सांगतो. तो ऐकतो. गावात रोज भेटणारा डॉक्टर तोच असतो, त्याला दूर ठेवून माझं भागत नाही.

म्हणून माझं वेळापत्रक पुस्तकापेक्षा जिल्हा ठरवतो. दिवाळीपासून मार्केट यार्डात गाड्या लागतात, अडत्यांकडे जागरणं सुरू होतात, आणि दोन रात्रींची झोप गेली तरी उन्मादाला वाट मिळते. मे-जूनमध्ये उष्मा. मधली खिडकी छोटी. केस्लापूरची नागोबाची जत्रा उलगडली, की मी लक्षाचं औषध सुरू करतो. त्यालाही तेव्हाच केलं. त्याच्या बायकोला लिहून दिलं: लागोपाठ दोन रात्री पाच तासांच्या आत झोप झाली, तर सकाळची ही गोळी मला न विचारता थांबवायची, लिथियम मात्र थांबवायचं नाही, आणि मग फोन करायचा.

तिने आजवर एकदाच थांबवली. गोळीने तो एकदम हुशार वगैरे झाला नाही. पावत्या आता एका खिळ्याला अडकवतो, आणि बेरीज दोनदा करतो. यंदाचा हंगाम लागायच्या आत ती अडत्याकडे जाऊन आली. म्हणाली, ह्यांना रात्रीच्या काट्यावर बसवू नका, दिवसाच्या हिशेबपट्टीवर घाला. अडत्याने पगार शंभर-दोनशेने कापू का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली, आणि त्याने कापला नाही.